ओठांना न लावता

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री
उद्यमनगरातली शिफ्ट संपवून घरी येतो
आणि हात तीनदा धुतो.
साच्याची काळी वाळू नखांच्या कडेला बसते,
ती लिंबाच्या सालीनं निघते, साबणानं नाही.
मगच परात घेतो.

तूप आधी फेसायचं, तळव्यानं, एकाच दिशेनं,
पांढरं होईस्तोवर.
मग गूळ. साखर नाही.
अडतीवरच्या ओळखीतला, पिवळाधमक,
किसून, खडे वेचून.
(शाल्मली सहा वर्षांची होती तेव्हा
हे खडे ताटलीत कधी उरलेच नाहीत.)
मैदा, मूठभर बेसन, जायफळ,
आणि शेवटी चिमटीच्या टोकावर मावेल एवढं मीठ,
जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

घरात ओव्हन नाही.
पहाटे सायकलच्या कॅरिअरला डबा बांधून
दस्तगीरभाईंच्या बेकरीवर.
पाव निघालेले असतात, भट्टी उतरणीला लागलेली.
"आलं काय कास्टिंग?" ते विचारतात.
मी रोज चौदाशे अंशांजवळ उभा राहणारा माणूस,
गॉगल, मीटर, वहीत नोंद.
ते नुसतं दार उघडून हात आत धरतात
आणि मोजतात.
सहाला हात मागं आला तर करपणार,
बाराला आला तर बसणार.
"नऊ," म्हणतात, "लावा की आता."

दुपारी तीनपासून नाट्यगृहाच्या ग्रीनरूममध्ये
एकतीस मुली, दोन आरसे,
एक पंखा, तोही आवाजापुरता.
कुणाची घुंगरं कुणाच्या पिशवीत,
कुणाचा गजरा कुणाच्या पायाखाली,
तन्झिला मुजावरच्या ओढणीची पिन
काही केल्या सापडत नाही.
वृंदाताईंचा हुकूम : रंग लागला की खाणं बंद.
आणि बाहेर अजून दीपप्रज्वलनही नाही,
प्रमुख पाहुणे कागलच्या पुढं आहेत
की अलीकडं, यावरच वाद चाललाय.

भूक मात्र वेळेवर येते.
ओठ लाल, तळवे अळत्यानं ओले,
हात असून नसल्यासारखे.
मग शाल्मली डबा उघडते.

गुडघ्याला पट्टा आहे तिच्या, दीड वर्ष झालं.
डॉक्टरांनी सांगितलं ते एकाच वाक्यात होतं,
आम्ही ते घरात अजून पुरतं वाचलेलं नाही.
ती एका नानकटाईचे चार तुकडे करते,
"आ कर. अजून. जीभ बाहेर,"
आणि ओठांना न लावता
तुकडा बरोबर मधोमध सोडते.
एकतीस तोंडं, ओळीनं,
पदरावर एक कण नाही.
उल्का घाटगे दुसऱ्यांदा रांगेत लागते,
ती ओळखते, तरी देते.
तबलजी पोतदार सर रांगेशिवाय दोन घेतात,
पडदा ओढणारे मामा एक खातात,
एक रुमालात बांधतात, नातवाला.

मी दाराबाहेर, सायकलची किल्ली बोटात फिरवत.
पुरुषांना आत यायचं नाही.
भिंतीतून पहिला ततकार येतो
तेव्हा कळतं, सुरू झालं.
एक, दोन, तीन,
मीही मोजायला लागतो,
कशासाठी, ते ठाऊक नाही.

विंगेच्या अंधारात ती खुर्चीवर बसलीय,
रिकामा डबा मांडीवर,
झाकणावर बोटं पडतायत, सम चुकत नाही,
आणि चपलेतला एक अंगठा,
पट्ट्याच्या पायाचा,
वर-खाली, वर-खाली.
मी बघितलं असं दाखवत नाही.

टाळ्या झाल्यावर बाहेर येते.
डब्याच्या कोपऱ्यात राहिलेला चुरा
तळव्यावर उपडा करते,
चाटते,
आणि सायकलला डबा बांधता बांधता म्हणते,
"पप्पा, आज मीठ जरा जास्त झालंय."