कडू फेरी

ताता, तुझ्या पावाची पाठ
भट्टीत जशी तांबूस होत जाते
तसंच काहीसं चाललंय तुझ्या आत,
सदतीस अंशांवर,
धूर नाही, वास नाही,
वीस वर्षं.

हे मी तुला कधी सांगितलं नाही.
सांगितलं एवढंच, की साखर कमी कर.
तू पिठाचे हात एप्रनला पुसलेस, हसलास,
म्हणालास, इरुपे,
बेकरीवाल्याच्या पोरीनं असं बोलू नये, गिऱ्हाईक ऐकेल.

पोसादासला, नदीकडे पाठ केलेल्या इमारतीत
दुसऱ्या मजल्यावर माझं उबेचं कपाट आहे.
त्यात छत्तीस नळ्या.
प्रत्येकीत चिमूटभर प्रथिन, चिमूटभर साखर,
आणि अठरांमध्ये आपल्या येर्बाच्या पानांचा अर्क,
ज्याला वहीत मी म्हणते: नमुना अकरा, ओबेराजवळचा मळा, मे महिना.
पानं कुणी तोडली, कुणी जाळावरून फिरवली,
त्याला वहीत रकाना नाही.

साखर आधी नुसती टेकते.
ओसरीवरच्या पाहुण्यासारखी,
आत्ता उठेल असं वाटतं, आणि कधी कधी उठतेही.
मग माजघरात येते.
मग कड्याकुलपं बदलते.
मग प्रथिनाला आपलंच घर ओळखू येत नाही,
ते ताठरतं, पिवळं पडतं,
शेजारच्याला जखडून बसतं
जन्माची भाऊबंदकी असल्यागत.

चार आठवड्यांनी मी खोलीतले दिवे मालवते,
नळ्या जांभळ्या उजेडात धरते.
नुसत्या साखरेच्या निळ्या चमकतात,
जत्रेला निघाल्यासारख्या.
येर्बाच्या मंद.
काही तर जवळपास विझलेल्या.
आमच्याकडे अंधार म्हणजे चांगली बातमी.

मी आकडे लिहिले, दोनदा तपासले,
आणि कुणाला सांगावं ते न सुचून
बाजारात पाला विकणाऱ्या दोन्या हासिंताला सांगितलं.
ती जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली,
तुझ्या नळीला पाय असतो का गं?

नसतो.

पाय तुला आहेत, ताता.
मार्चमध्ये भट्टीतून उडालेल्या निखाऱ्यावर
तू डावा पाय ठेवून उभा राहिलास,
पाव मोजत. बावीस, तेवीस.
तुला आधी वास आला.
मग कळलं, तो पावाचा नाही.

दवाखान्याच्या कागदावर तीन महिन्यांचा हिशेब होता,
नऊ पूर्णांक चार.
तो तू घडी करून पिठाच्या डब्याखाली सरकवलास,
डबा डुगडुगत होता म्हणे.

आणि आज रविवार.
तीच पानं. भोपळीत गच्च, वर फेस,
मधे आईची चांदीची नळी (हिलाही नळीच म्हणतात, काय करू).
महिनाभर मी ज्यांना साखरेशी झुंजवते
त्यांच्यावर तू दर ओतीला एक चमचा साखर घालतोस,
कधी दीड.
मला हसू आलं. मग नाही आलं.

पण आज किटली माझ्या हातात होती,
आणि ओतणाऱ्याचा शब्द शेवटचा, हा तुझाच नियम.
मी साखरदाणीचं झाकण उघडलं नाही.
तू ओढलंस. तोंड वाकडं केलंस.
माझ्याकडे पाहिलंस,
जसं कमी फुगलेल्या पिठाकडे पाहतोस.

आपल्याकडे भोपळी परत करताना
कुणी धन्यवाद म्हटलं, की समजायचं:
पुरे, आता मला ओतू नका.
मी त्या शब्दाची वाट पाहत बसले.
काही सिद्ध झालेलं नव्हतं.
एक भोपळी कडू पाणी,
एक न कळणारा पाय,
आणि कपाटात उबेला लावलेली पुढची खेप.

तू भोपळी माझ्याकडे सरकवलीस.
काही बोलला नाहीस.
मग भट्टीकडे बघत म्हणालास,
वरच्या फळीवरचे काढ आता,
रंग चढला.

मी काढले.
परत आले, किटली उचलली,
आणि दुसरी ओतली.