झरा नकाशावर होता

लिहितात एबरफान, म्हणतात एबरव्हान.
हे मला एल्युनेड प्रॉसरनं शिकवलं,
माझ्या दवाखान्यातल्या पहिल्याच सोमवारी.
तिच्या नवऱ्याच्या छातीत कोळसा घरघरायचा,
तिची स्वतःची तक्रार एवढीच:
पाऊस लागला की झोप येत नाही, डॉक्टर.

वेल्समध्ये पाऊस नाही असा आठवडा कुठला?
मी गोळ्या लिहून दिल्या.
सात वर्षं मी विचारलं नाही,
सात वर्षं तिनं सांगितलं नाही.
हे गाव सांगत नाही. चहा विचारतं.

मग एकदा, दंडावर पट्टा फुगत असताना,
भिंतीकडे बघत ती म्हणाली:
शुक्रवार होता. दुपारपासून आठवड्याची सुट्टी.
ग्विलिम म्हणाला, आज नाही गेलो तर?
मी म्हटलं, अर्ध्या दिवसाचा तर प्रश्न आहे.

पारा खाली येत गेला.
मी आकडा लिहायची विसरले.

नंतर ग्रंथालयात जाऊन मी कागद उपसले.
शाळेमागच्या डोंगरावर खाणीचा कचरा,
ढीग क्रमांक सात,
आणि त्याच्या पोटाखाली झरा.
झरा नकाशावर होता!
केसाएवढी निळी रेघ,
कुणालाही दिसेल अशी.
भीती वाटते, अशी पत्रंही गेली होती,
फायलीला लावलेली, क्रमांक घातलेली.

एकशे चव्वेचाळीस. त्यातली एकशे सोळा मुलं.
शहात्तर दिवस चौकशी चालली.
निघालं असं की कुणी दुष्ट नव्हतं,
फक्त कुणी कुणाचं ऐकलं नव्हतं.
कुणाची नोकरी गेली नाही.
उरलेले ढीग हलवायला पैसे कमी पडले,
ते मुलांच्या नावानं जमलेल्या मदतीतून घेतले.
परत केले एकोणतीस वर्षांनी,
व्याज सोडून.

यावर एल्युनेड कधी बोलली नाही.
शिट्टीबद्दल मात्र बोलायची.
खणता खणता कुणीतरी शिट्टी वाजवायचं,
की फावडी थांबत, इंजिनं थांबत,
शेकडो माणसं श्वास धरून उभी,
चिखलाखालून काही येतंय का, ऐकत.
इतकं शांत, डॉक्टर,
की वाटायचं,
हे असं आधी का नाही थांबलो आपण?

मी निवृत्त झाले. इथेच राहिले.
दोन हजार चौदाचा जुलै.
मंचरहून भावाचा फोन:
माळीण गेलं गं.
एसटी आली सकाळची,
ड्रायव्हर बघतो तर पुढे गावच नाही.

दोन गल्ल्या ओलांडून मी एल्युनेडकडे गेले.
चुकीच्या जागी क्रियापदं घालत सांगितलं सगळं.
डोंगर. पाऊस. झोपलेली घरं.
तिनं एकच विचारलं: शाळा?

शाळा वाचली, मी म्हटलं.
बाकीचं गाव गेलं.

तिनं डोळे मिटले. बराच वेळ.
कपातल्या चहावर साय धरली.
मग म्हणाली,
खाली झरा होता का?

मला माहीत नव्हतं.
माझ्याच तालुक्यातला डोंगर,
आणि मला माहीत नव्हतं.

मी तिथूनच भावाला फोन लावला.
पलीकडे रिंग वाजत राहिली.
खिडकीवर थेंब तडतडू लागले,
आणि एल्युनेडनं, ऐंशीच्या घरातल्या त्या बाईनं,
हात वर केला.
आम्ही दोघी थांबलो.