वर्षाला चार बोटं

मदभावीच्या शिवारात, निंगगोंडा मगदुमांच्या पडीक तुकड्यात
नऊ नळ्या उभ्या आहेत. मी त्यांचा वाचक.
पहाटे सहाला, ऊन चढायच्या आत
काटा बघायचा, वहीत आकडा लिहायचा:
वीतभर खोल, हातभर, पुरुषभर, दोन पुरुष.

प्रत्येक नळीच्या टोकाला मातीचा पेला, अंगठ्याएवढा.
परदेशी पेले दुसऱ्याच महिन्यात तडकले
तेव्हा हुक्केरी मॅडम खानापूरला आल्या,
आमच्या भट्टीवर, भागाक्काकडे.
आक्कानं पंधरा भाजले,
एकेक जिभेला लावून बघितला.
चिकटला तो ठेवला.
नुसताच गार लागला तो खापरांत.
'ह्याला तहानच न्हाई,' म्हणाली.
मॅडमनी तेवढं वाक्य लिहून घेतलं
आणि खाली तीन ओळींचं समीकरण.

निंगगोंडामामा रोज बांधावरून विचारतात,
'नीर एल्लैति, तमा?'
कुठं आहे म्हणून सांगू?
त्यांच्या हिशेबात पाणी वर असतं, ढगात,
नाहीतर खाली, बोअरच्या तळाशी.
मधलं पाणी पंपाला लागत नाही,
बादलीत सांडत नाही.
घासलेल्या दोन थाळ्या ओल्याच एकीवर एक ठेवल्या
की सुटता सुटत नाहीत,
तसं ते कणाकणाला धरून असतं.
त्याला खाली जायचं असतं. माती म्हणते, थांब.
शाळूचं मूळ म्हणतं, वर ये.
ह्या ओढाताणीत ते उतरतं
वर्षाला चार बोटं.

परवा गिरमिट
(खायचं नव्हे, जमीन पोखरायचं)
सतरा फुटांवर गेलं.
मुरमाचा ओलसर गड्डा वर आला,
हातात धरला तर तळघरासारखा वास.
रात्री वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला.
हे पाणी पडलं तेव्हा
हा तालुका मुंबई राज्यात होता.
तलाठ्याच्या सहीखाली दुसरा शिक्का उमटायचा,
माझे आजोबा शाळेत अजून एकच लिपी गिरवत होते.
मग वर काय काय झालं:
पाट्या बदलल्या, पाट्यांना काळं फासलं,
बस अडवल्या, सोडल्या.
हे आपलं उतरतंय.
अजून विहिरीला पोचायचंय त्याला.
मी दिवा घालवला आणि बराच वेळ
त्या गड्ड्याशेजारी पडून राहिलो.

एवढं सरळ असतं तर मॅडम एव्हाना धारवाडला परतल्या असत्या.
चैत्रात आम्ही निळं रंगीत पाणी ओतलं,
चौथ्या दिवशी बाजूनं खड्डा खणला,
भिंत खुरप्यानं तासून घेतली.
निळाई हातभरावर थबकली होती, पसरट, चादरीसारखी.
पण एके ठिकाणी
एकच रेघ सरळ खाली, दोन पुरुषांच्याही पलीकडे,
जणू कुणाला तिथला रस्ता पाठ होता.
मामा खड्ड्यात उतरले. रेघेवरून बोट फिरवलं.
'इथं बाभूळ होती,' म्हणाले,
'थोरल्यानं तोडली, वाटणीच्या साली.'
मूळ कुजून गेलेलं, पोकळी तशीच उरलेली.
त्या दिवशी त्यांनी पाणी कुठं आहे ते विचारलं नाही.
निळं बोट घेऊनच घरी गेले.

मॅडमनी दोन वर्षांच्या आलेखावर तिरपी रेघ मारली आणि हसल्या.
'सातेरी, तुझा भागाकार धोक्यात आहे.
ते पाणी गेल्या आषाढातलंही असेल.'
मला वाईट वाटलं,
घरातल्या म्हाताऱ्याचं वय
कुणी कागद दाखवून खोटं ठरवावं तसं.
गड्डा बाटलीत बंद होऊन तपासणीला गेलाय.
तीन महिने लागतील म्हणे.

आज पहाटेचे काटे:
चौसष्ट, एकेचाळीस, सत्तावीस. खालचा एकोणीस.
शिल्लक राहिलेला एक पेला माझ्या खिशात असतो.
नोंद झाली की जिभेला लावतो.
चिकटतो.
सोडवताना जरा दुखतं.