आधी कंदील

फोन आला तेव्हा मी नववी ‘ब’चे पेपर तपासत होते.
चक्रवाढ व्याज. अठ्ठावीस मुलांचं चुकलं होतं.
पलीकडचा मुलगा म्हणाला, मॅडम,
तुमच्या कार्डावरचे साडेनऊ हजार पॉइंट
दहा मिनिटांत संपतायत.
त्याला माझं नाव माहीत होतं, आडनावासकट,
कार्डाचे शेवटचे चार आकडे माहीत होते,
आणि मागच्या आठवड्यात विश्रामबागेत मिक्सर घेतला, तेही.
एवढं तर माझ्या सख्ख्या भावाला माहीत नाही.

मी सहा आकडे सांगितले,
एकेक करून, सावकाश,
फळ्यावर लिहिताना म्हणते तसे.
तो ‘थँक्यू मॅडम’ म्हणाला. खरंच म्हणाला.
लाल शाई वाळायच्या आत
एकसष्ट हजार चारशे.

एकोणीसशे तीस लावला, दोनदा चुकून.
कार्ड बंद केलं. दुसऱ्या दिवशी बँकेत
मुजावर मॅडमनी अर्ज पुढे सरकवला नि हळूच विचारलं,
‘मेसेजमध्येच लिहिलेलं असतं ना, कुणाला सांगू नका?’
असतं.
मी तो मेसेज वाचला होता.
मी वाचले नव्हते.

तीन दिवस घरात कुणाला बोलले नाही.
गणिताची बाई. कुठल्या तोंडानं सांगायचं?
रविवारी हरिपूरला गेले.
अण्णा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते,
ज्या हातांनी चाळीस वर्षं
हळदीची पेवं भरली नि उपसली, त्याच हातांनी.
नखांच्या कडेला अजून पिवळं आहे, मला दिसतं,
आई म्हणायची, तुझा भास.

किती गेले, ते त्यांनी विचारलं नाही.
‘घाई केली का त्यानं?’
‘दहा मिनिटं म्हणाला.’
‘हां.’
दोन शेंगा फोडून झाल्या.

‘पेवाचं तोंड उघडलं की लगेच उतरायचं न्हाई, पोरी.
मालक वरनं वरडू दे,
ट्रक खोळंबलाय म्हणू दे, भाडं चढतंय म्हणू दे.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
इझला, तर आत हवा खराब.
मग बसायचं काठावर. बिडी वडायची.
गुंडू आमचा, मालकाच्या तोंडाकडं बघून उतरला.
वर आला तो चौघांच्या हातावर.’

मी म्हटलं, त्याला कळलं नाही आत काय आहे?
‘कसं कळणार? वरनं हळदीचाच वास येतो.
झ्याक वास.
मारणाऱ्या हवेला सोताचा वास नसतो.’

ओट्यावर पेपर पडला होता.
ऑनलाइन फसवणुकीचं पेव फुटलं, असं मोठ्या अक्षरात.
अण्णा चष्मा लावून वाचू लागले आणि हसले.
‘ह्या लिहिणाऱ्यानं पेव फुटल्यालं बघितलंय का कधी?
पुराचं पाणी आत शिरलं की जमीन आतनं बसती.
आवाजबी येत न्हाई.’

एकसष्ट हजारांचं अजून काही कळलेलं नाही.
चौकशी चालू आहे, असं पत्र आलंय.
नव्या कार्डाची मर्यादा मी दहा हजारांवर आणली,
परदेशातले व्यवहार बंद केले,
बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलाय
तो वहीत उतरवून ठेवला.
नववी ‘ब’ला व्याजाचा धडा पुन्हा शिकवला,
मधेच थांबून ही सगळी गोष्ट सांगितली,
रकमेसकट.
मागच्या बाकावरचा प्रज्योत चौगुले म्हणाला,
बाई, आमच्या आज्जीचेपण गेले.
मग आणखी दोन हात वर झाले.

परवा पुन्हा फोन. या वेळी बाई होती.
तुमचं वीजबिल थकलंय, साडेनऊला लाइट तोडणार,
लिंक पाठवलीय, लगेच दाबा.
मी म्हटलं, थांबा हं, कंदील सोडते.
‘काय मॅडम?’
काही नाही. तुम्ही थांबा.

फोन ओट्यावर ठेवला,
कपाटातून बिल काढलं, भरल्याची पावती बघितली,
भांडं घासलं, एक.
मग फोन कानाला लावला.
पलीकडे
नुसती हवा.