कारणे दाखवा

हडपसर गाडीतळाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
अकरा बाकडी, साडेसातची बॅच.
सोमवारी फळ्यावर मी लिहिलं: बिकॉज.
त्याखाली: सो.
म्हटलं, या दोघांना एका वाक्यात बसवू नका.
आपल्याकडे ज्याअर्थी आणि त्याअर्थी
जोडीनंच हिंडतात,
इंग्रजीत तिकीट एकालाच.

मग ड्यू टू.
याच्यापुढे नाम हवं, नुसतं नाम.
ट्रॅफिकमुळे. तापामुळे. खोळंब्यामुळे.
क्रियापद आणलंत की मार्क गेला.

मागच्या बाकावरून निवृत्ती कुदळेंनी हात वर केला.
वय बावन्न, प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षं,
नातवाच्या शाळेत शिपाईसुद्धा इंग्रजी बोलतो
म्हणून क्लास लावलेला.
'म्हणजे करणारा माणूस सांगावाच लागत नाही?'
'बरोब्बर,' मी म्हटलं, 'वाक्य आटोपशीर होतं.'
शाबासकीच्या सुरात म्हटलं.

बॅच सुटल्यावर ते थांबले.
शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा कागद,
वर मराठीत ठळक: कारणे दाखवा.
खाली इंग्रजीत एकच ओळ.
अ‍ॅक्सिडेंट ड्यू टू निग्लिजन्स ऑफ द ऑपरेटर.
नामामागे नाम, इस्त्री केलेली.
मी दोनदा वाचलं,
एखादी तरी चूक सापडावी म्हणून.
नाही सापडली.

रामसजीवन, हेल्पर, वय एकोणीस.
उजव्या हाताची दोन बोटं.
हे नोटिशीत नव्हतं, त्यांनी सांगितलं,
सांगताना आपला हात टेबलाखाली घेतला.

'तुम्ही लिहा,' मी म्हटलं, 'मी सुधारते.'
ओठ हलवत त्यांनी लिहिलं:
द गार्ड वॉज रिमूव्ह्ड.
'कुणी?'
'मागच्या बुधवारी तुम्हीच शिकवलंत,
बाय आणि त्याच्या पुढचं
गाळलं तरी चालतं.'

शिकवलं होतं.
खिडकीचं उदाहरण दिलं होतं.
काच फुटली एवढं पुरे,
दगड कुणाचा ते परीक्षेत विचारत नाहीत.

खाली झेरॉक्सवाल्यानं शटर ओढलं.
'गार्ड मीच काढला, मॅडम. दहा नंबरच्या पान्यानं.
गार्ड असला की मिनिटाला सात पीस,
काढला की अकरा.
अकरा पाहिजे होते म्हणून काढला.
शनिवारी डिस्पॅच होता म्हणून अकरा.
तोंडी सांगितलं म्हणून कागद नाही.
कागद नाही म्हणून…'

मराठी वाक्य म्हणूनपाशी थांबू शकतं.
समोरचा मान हलवतो, उरलेलं समजून घेतो.
नोटिशीला अठ्ठेचाळीस तासांत पुढचं लागतं.

मी ड्यू टूवर काट मारली.
म्हटलं, बिकॉज घ्या.
त्याला मात्र सगळं लागतं,
कर्ता लागतो, आणि धातू.
'धातू?' ते पहिल्यांदा हसले.
'बावीस वर्षं तोच तर दाबतोय.'

मग नवा कागद.
आय रिमूव्ह्ड द गार्ड बिकॉज
आणि पेन तिथेच.
बाहेर भेकराईनगरची बस हॉर्न देत होती.
'इथे पूर्णविराम देता येणार नाही,' मी म्हटलं.
'माहितीय. घरी पुरं करतो.'
कागद होता तसा घडी करून
कठड्याला धरत जिना उतरले.

फळ्यावर मुळे, म्हणून, सबब
मीच लिहिलेले, एकाखाली एक,
उद्याच्या सातच्या बॅचलाही तेच शिकवायचं.
पुसायचं राहून गेलं. डस्टर हातातच होतं.

रात्री पावणेअकराला मेसेज आला.
मॅडम, ऑर्डर्डमध्ये आर किती?

मी भांडी विसळत होते.
ओल्या बोटांनी टाइप केलं:
दोन.