पुनवेची सुकती

तिसरं प्रकरण लिहून झालं होतं.
दिवाडीच्या काठावरून, दिवेलागणीला,
म्हाळू निघाली होती पैल नारव्याला,
डोक्यावर मिठाची पाटी,
मिठात पुरलेला देव.
तिथी मी हौसेनं घातली होती : पौर्णिमा.
पाण्यावर चांदणं हवं होतं मला,
दुसरं काही कारण नव्हतं.

तसं कष्टांत मी कसूर केली नव्हती.
पणजीच्या दप्तरखान्यात चौदा दिवस शिंकले,
वाळवीनं खाल्लेल्या ओळींतली भोकंसुद्धा उतरवून घेतली.
मिरची उपटून तिथे मिरी पेरली,
काजूची झाडं तोडली एका रात्रीत,
बटाटा कुणाच्या स्वप्नातही येऊ दिला नाही.
शिंपांच्या खिडकीतून येणारा उजेड
दुधासारखा की ताकासारखा
यावर अख्खी संध्याकाळ घालवली.
(ताकासारखा.)

मग बोस्त्यांवला वाचून दाखवलं.
एकतीस वर्षं फेरीबोटीवर दोर फेकलेला माणूस.
मराठी ऐकतो, कोंकणीत उत्तर देतो.
बांगडे साफ करत होता,
ऐकत असेलसं वाटलं नाही.
"पुनवेक?" म्हणाला.
"सांजेचें?"
सुरी थांबली.
"तेन्ना सुकती, बाय.
तुजें व्हडें चिखलांत रोंबतलें."

एवढंच. पुढचा बांगडा घेतला.

साडेचारशे वर्षांत राजे गेले, नावं गेली,
देवळांच्या जागी काय काय आलं,
पण पुनवेच्या संध्याकाळी नदी
तेव्हाही ओसरलेलीच होती.
हे कुठल्याच कागदात नव्हतं.
असायचं कशाला? सगळ्यांनाच ठाऊक होतं.

रात्री प्रकरण पुन्हा उघडलं.
व्हडं चिखलात बसलेलं.
पाणी यायचं मध्यरात्रीकडे.
तोवर म्हाळूला बसवायचं कुठे?
खारफुटीत बसवली.
चांदणं आता सुंदर नव्हतं, नुसतं उघडं होतं,
पाटीची सावलीसुद्धा लपवता येईना.
डास होते. मी घातले नाहीत, ते होतेच.

आणि मीठ.
रात्रीच्या दमट हवेत मीठ पाझरायला लागलं.
खारट ओघळ तिच्या मानेवरून पाठीत,
पाटी हलकी, ढीग खचत चाललेला,
मधूनच वर आलेलं देवाचं नाक.
तिनं ते अंगठ्यानं आत दाबलं,
कणकेत खडा दाबावा तसं,
आणि अंगठा चाटला.
हे मी ठरवलं नव्हतं.

पहिल्या खर्ड्यात तिच्या तोंडी
दीड पानाचं भाषण होतं,
श्रद्धा, माती, माणूस वगैरे.
माझंच होतं ते. मागच्या वर्षी
मडगावच्या एका सभेत मी केलेलं.
काढून टाकलं.
आता ती सबंध रात्रीत एकदाच बोलते, तारवाट्याशी.
तो तिचा दीर. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत नागू,
आता पेद्रू.
"नागू," ती म्हणते, "उदक केन्ना येतलें?"
नव्या नावाचा माणूस जुन्या नावाला
ओ देतो की नाही,
इथे माझं पेन बराच वेळ अडलं.
कागद मुके. व्याकरण मुकं.
शेवटी त्यानं ओ दिली नाही,
फक्त वल्ह्यानं चिखल चाचपून पाहिला
आणि दोन बोटं वर केली.
दोन घटका.

परवा पुन्हा बोस्त्यांवकडे गेले.
या वेळी सुरी नव्हती, हात रिकामे होते.
वाचून झालं तरी बोलेना.
मला वाटलं, आणखी काही चुकलं,
चंद्र चुकला असेल, वारा चुकला असेल.
तो खिडकीतून नदीकडे बघत होता.
नारव्याची फेरीबोट सुटत होती
दोन स्कूटर आणि एक गॅसची गाडी घेऊन.

"ताका सांग," म्हणाला,
"थंय पावल्यार उजव्यान लाग.
दाव्यान फातर आसा,
उदकासकयल. दिसना."

मी लिहून घेतलं.