दिवाडीच्या बांधावरचा तास

रायबंदरच्या फेरीत बावीस जण,
बावीस जोडी पांढरेशुभ्र बूट
आणि माझ्या गळ्यात शिट्टी.
संघटनेतील वर्तन, प्रकरण सातवं.
वर्गात हे तीनदा शिकवलंय मी
पडद्यावर बाण काढून,
नेत्याकडून गटाकडे, गटाकडून नेत्याकडे.
बाण कधी चिखलात रुतत नाहीत.

बांधाला भगदाड पडलं होतं,
दोन माणसं आडवी निजतील एवढं.
पलीकडे मांडवी,
अलीकडे कोरगुटाची खाचरं, जिभेवर मीठ ठेवून उभी.
रुझारबाब मानशीच्या फळीवर विडी ओढत बसलेले.
किती वेळ आहे आपल्याला, मी विचारलं.
त्यांनी घड्याळ नाही, खारफुटीची मुळं पाहिली.
"साडेतीन वरां. भरती कोणाक विचारना."

नेता तुम्हीच निवडा, मी म्हटलं.
चिखल खाजणातला, पेंढा होडीतला,
जांभा दगड वरच्या वाटेवर रचलेला आहे.
एवढं सांगून मी कोरड्या बाजूला उभी राहिले
तक्ता घेऊन:
पुढाकार, संवाद, विश्वास, संघर्ष.
प्रत्येकी पाच गुण.

ऋत्विज नेता झाला, कारण त्याचा आवाज मोठा.
दहा मिनिटांत त्याने तीन योजना केल्या,
चौथीत त्याचा डावा बूट गेला.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले.
साखळी लागली.
गोळा हातातून हातात,
आधी नाक मुरडून, शेणासारखा,
मग न्हाऊ घातलेल्या बाळासारखा, बुडाला हात देऊन.
शेवटच्या बाकावरची ज्ञानदा
कुणी न सांगता भगदाडात उतरली, कमरेपर्यंत,
आणि पाठीने दगड धरून राहिली.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते मी शोधत होते,
तेवढ्यात भांडण पेटलं.

पेंढा आधी की दगड आधी.
ऋत्विज एकीकडे, इफ्फत दुसरीकडे,
निम्मा गट इकडे, निम्मा तिकडे,
ओल्या भरावावर समोरासमोर,
पाय आपटत.
मागच्या सत्राचा प्रकल्प निघाला,
रात्रभर जागून कुणी केला,
पहिल्या पानावरून कुणाचं नाव गळलं,
ओहोटीला कुर्ल्या निघतात तसं एकेक बाहेर.
पंधरा मिनिटं.
मी शिट्टी ओठांना लावली.
रुझारबाबांनी विडीचा हात वर केला:
"राव गो बाये."
थांबले.
तक्त्यावर मात्र लिहिलं, संघर्ष हाताळणी: शून्य.

पाणी आलं तेव्हा भगदाड बुजलं होतं,
ओबडधोबड, शिवणकाम न येणाऱ्याने
ठिगळ लावावं तसं.
ऋत्विजचा आवाज पार बसला होता,
नुसत्या हाताने खुणा करत होता,
आणि तेव्हा कुठे लोक त्याचं ऐकू लागले होते.

परतीच्या फेरीत चर्चा घ्यायची होती.
काय शिकलात?
कुणी बोललं नाही.
इफ्फतने भजी-पाव मोडून अर्धा ऋत्विजपुढे धरला,
त्याने तिच्याकडे न बघता खाल्ला.
ज्ञानदा कठड्याला टेकून झोपली होती.
बावीस जोड्या बुटांचा रंग एकच.

अमावास्येनंतर रुझारबाबांचा फोन:
"अर्दें व्हांवन गेलें गो. अर्दें उरलां."
मला वाटलं, ज्ञानदाच्या पाठीपाशी रचलेलं उरलं असणार.
तसं मी म्हणालेही, जरा अभिमानाने.
"न्हय, न्हय. भुरगीं झगडलीं थंय."
पंधरा मिनिटं तुडवून तुडवून
चाळीस पायांनी तिथला चिखल असा बसवला होता
की मांडवीला दातच लावता आला नाही.
फोनवर ते बराच वेळ हसत होते, खोकत होते.

तक्ता काढला.
शून्याभोवती मिठाचा पांढरा डाग.
शून्य खोडलं.
तिथे काय लिहावं, ते अजून ठरत नाही;
परीक्षा विभागाची दोन पत्रं येऊन गेली.
शिट्टी खणात आहे.
पुढच्या ओहोटीची वेळ
भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे,
आणि त्याखाली, माझ्या मापाचे
गमबूट.